डाव्या पायाचा फर्मा

हॉस्पिटलात सगळे त्यांना बूटमास्तर म्हणत. नुसतं मास्तर म्हटलं तरी चाले. कपडे बेतणाऱ्याला मास्तर म्हणायची पद्धत असते, तसंच हे. एरवी त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. शिकवायचं तर बोलावं लागतं, आणि बोलणं हा मास्तरांचा प्रांत नव्हता.

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, लाँड्रीला लागून त्यांची कार्यशाळा होती. लांबट खोली, दोन खिडक्या, एक शिलाई मशीन, चामडं घासायचं एक विजेचं चाक, आणि तीन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर फर्मे. फर्मा म्हणजे पायाचा लाकडी साचा. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाची टाच जमिनीला टेकत नाही. अशांना दुकानातले बूट होत नाहीत. मास्तर त्यांच्या पायांची मापं घेत, आधी लाकडाचे पाय घडवत आणि त्या लाकडी पायांवर चामडं ताणून बूट शिवत. चौतीस वर्षांत सव्वादोनशे जोड्या फळ्यांवर चढल्या होत्या. प्रत्येक जोडीला नंबर होता, पण मास्तरांना नंबर बघावा लागत नसे.

पेशंट उंच स्टुलावर बसे आणि मास्तर खाली चटईवर. त्यामुळे चेहऱ्यांपेक्षा त्यांची पायांशीच जास्त ओळख. रस्त्यात कुणी हसून हात वर केला, तर मास्तर आधी खाली बघत आणि मगच ओळख देत.

त्यांच्या घरातलं बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. ती पोस्टाच्या खिडकीवर कामाला होती. दिवसभर तिकिटं, पाकिटं, मनीऑर्डरी आणि रांगेतल्या लोकांच्या चौकश्या करून ती घरी येई, आणि दारातच चपलांच्या जागी वाकून बुटाचे बंद सोडता सोडता तिचं सुरू होई. मास्तर "हं" म्हणत. त्यांच्या "हं"चे सात-आठ प्रकार होते आणि तिला ते सगळे कळत.

तिचा डावा पाय लहानपणीच्या दुखण्याने बारीक राहिला होता, उजव्यापेक्षा दीड इंच आखूड. बूट करून घ्यायलाच ती पहिल्यांदा कार्यशाळेत आली होती. पहिली जोडी झाली, दीड वर्षाने दुसरी झाली. तिसऱ्या वेळी माप देताना ती वरून म्हणाली, "मी मोजते आहे हं. तीन वर्षांत तुम्ही माझ्याशी अकरा वाक्यं बोललात. त्यातली सहा 'बसा' आणि 'उठा'." मास्तरांनी पट्टी तशीच धरून ठेवली. मग ती म्हणाली, "हे माप जन्मभर लागणार. दर वेळी नंबर लावून यायचं, त्यापेक्षा लग्नच करून टाकलेलं बरं. काय म्हणता?" मास्तर म्हणाले, "हं." तो कुठल्या प्रकारचा होता हे तिला बरोबर कळलं.

सव्वीस वर्षांचा संसार झाला. मूल झालं नाही. दोन वर्षांपूर्वी, आजार लांबत लांबत, ती गेली.

त्यानंतर घरात फक्त वस्तूंचे आवाज उरले. शनिवारी दुपारी कार्यशाळेला कुलूप लावल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत मास्तरांच्या तोंडातून शब्द निघायचं काही कारणच नसे. पहिल्या काही सोमवारी तर असं झालं, की पेशंटला "बसा" म्हणायला तोंड उघडलं आणि घशातून नुसती हवा आली. तेव्हापासून कामावर येताना ते लाँड्रीच्या कोपऱ्यावर थांबत, आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच "बसा, बसा" म्हणून घेत आणि मग कुलूप उघडत.

आता निवृत्तीला एक महिना उरला होता. मास्तरांना हात रिकामे राहण्याची भीती नव्हती. घरी हत्यारं होती, काही ना काही करता आलं असतं. भीती होती ती सोमवारांची. ज्या सोमवारी कुणालाच "बसा" म्हणायचं नसेल, त्या सोमवारी आवाज कशासाठी काढायचा?

अशात कार्यालयातला हेडक्लार्क एक कागद घेऊन आला. "मास्तर, हे वाचा. तुमच्यासाठीच काढल्यासारखी जागा आहे."

हॉस्पिटलच्या प्रशिक्षण शाळेत फर्मे आणि बूट शिकवायला शिक्षक हवा होता. वयाची अट पासष्टपर्यंत. डिप्लोमा नसला तरी कामाचा अनुभव चालणार होता. मात्र निवडीआधी विद्यार्थ्यांसमोर पंधरा मिनिटांचा पाठ घ्यायचा होता, तीन परीक्षकांच्या देखत.

"अर्ज लिहून देऊ?" हेडक्लार्कने विचारलं.

"पाठ," मास्तर म्हणाले. "म्हणजे बोलायचं."

"मग काय, मुक्याने शिकवणार? अहो, पंधरा मिनिटं बोललात की पुढची पाच वर्षं रोज चोवीस मुलं समोर."

रोज चोवीस मुलं. मास्तरांनी अर्जावर सही केली.

रविवारी ते थोरल्या बहिणीकडे गेले. ताई पंचाहत्तरीची, शाळेतून निवृत्त होऊन तिला सतरा वर्षं झाली होती, पण शिक्षिकेची नजर काही निवृत्त झाली नव्हती. गुडघ्यांमुळे ती खिडकीजवळच्या खुर्चीतून फारशी उठत नसे. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "उभा राहा तिथे. कपाटापाशी. मी वर्ग. कर सुरू."

मास्तर उभे राहिले. "पाय," ते म्हणाले. "पाय हा..."

"पाय हा काय?"

"पुढे येत नाही."

"आणि हातांचं काय चाललंय? पीठ मळतोयस?"

मास्तरांनी हात मागे नेले. तिथेही ते स्वस्थ बसेनात.

ताई थोडी निवळली. "ऐक. मी पहिल्या दिवशी वर्गात गेले तेव्हा साठ मुली होत्या. टेबलावर डस्टर होतं, ते उचललं आणि घट्ट धरलं. त्या डस्टरने मला वाचवलं. फळा पुसलेला असला तरी माझ्या हातात डस्टर. मुली म्हणायच्या, बाई डस्टर घेऊनच जेवतात. तू हातात काहीतरी धर."

मग त्यांनी प्रयोग केले. पेन दिलं, तर दोन वाक्यांत मास्तरांनी त्याचं टोपण, नळी आणि स्प्रिंग वेगळी करून कपाटावर ओळीने मांडली. पाण्याचा ग्लास दिला, तो हिंदकळला. मास्तरांनी स्वतःहून पिशवीतून रापी काढली, चामडं कापायची.

"ठेव ती," ताई म्हणाली. "रापी घेऊन उभा राहिलास तर मुलं मागच्या दाराने पळतील." मग तिने विचारलं, "तुला डोळे मिटूनसुद्धा ओळखू येईल अशी वस्तू कोणती?"

मास्तरांनी रापी पिशवीत ठेवली. उत्तर त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि खिडकीखालच्या फळीवरून एक जोडी काढली. बायकोची. उजवा फर्मा परत ठेवला, डावा हातात घेतला.

हा फर्मा त्यांनी लग्नाआधी घडवला होता आणि नंतर तो कधीच बदलला नव्हता. पाय बदलला की नवा फर्मा करायची गरज नसते. जिथे पाय वाढला तिथे चामड्याचा पातळ तुकडा चिकटवायचा, बारीक खिळे मारायचे आणि कडा तासून सपाट करायच्या. पाय उतरला की तुकडा काढायचा. सव्वीस वर्षांत त्या लाकडावर इतके तुकडे चढले-उतरले होते की मूळ लाकूड जेमतेम कुठेकुठे दिसे. मास्तरांचा अंगठा अंगठ्याच्या सांध्यावरल्या तुकड्यावर गेला आणि ते म्हणाले, "हा पहिला. दिवसभर उंच खुर्चीवर बसून पाय लोंबकळत ठेवल्याने इथे हाड वाढलं."

आवाज खोलीत उमटला. ते थबकले. मग अंगठा पुढे सरकला, तसं दुसरं वाक्य आलं.

काही पाठ करावं लागलं नाही. अंगठ्याला क्रम माहीत होता, आणि अंगठ्यामागून जीभ जात होती. समोरच्या फळ्यांवरून सव्वादोनशे जोड्या चवडे त्यांच्याकडे करून उभ्या होत्या. त्यांतले कितीतरी पाय आता जमिनीवर नव्हते. त्या सभेसमोर मास्तर रोज पाच ते साडेपाच बोलू लागले. पाचव्या दिवशी तर त्यांनी एक विनोदही केला. फर्मे हसले नाहीत, पण मास्तरांना स्वतःला थोडं हसू आलं, आणि त्यानंतर खोली फारच शांत वाटली.

पुढच्या रविवारी ताईसमोर सबंध पाठ झाला. चौदा मिनिटं. ताईने एकदाही टोकलं नाही. संपल्यावर तिने फर्मा मागून घेतला, मांडीवर ठेवला आणि बराच वेळ बघत राहिली.

"तिचा आहे ना रे?"

"हं."

"सांगणार आहेस त्यांना?"

"एक पेशंट, एवढंच म्हणणार."

"बोललास छान. तिने ऐकलं असतं तर चक्कर येऊन पडली असती." ताईने फर्मा परत दिला. "पण एक ध्यानात ठेव. धरायचं ते पुढे सोडण्यासाठी. मला ते डस्टर खाली ठेवायला चार वर्षं लागली. तू घरी एकदा रिकाम्या हातांनी म्हणून बघ."

मास्तरांनी "हं" म्हटलं. म्हणून मात्र बघितलं नाही. मुठीत ही वस्तू असताना सगळं येतंय, तर ती बाजूला कशाला ठेवायची, असं त्यांना वाटलं.

पाठाच्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, फर्मा कापडी पिशवीत घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. वर्गात बाकांच्या चार रांगा, प्रत्येक रांगेत सहा मुलंमुली. मागे भिंतीशी तीन खुर्च्यांवर परीक्षक, मधल्या खुर्चीत शाळेच्या मोठ्या मॅडम. जागेसाठी अर्ज दोनच होते. दुसरा उमेदवार पस्तिशीचा, बाहेरगावाहून आलेला, डिप्लोमा केलेला. त्याचा पाठ आधी झाला. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली, बटण दाबून हाडं वेगवेगळ्या रंगांत उजळवली, दोनदा मुलांना हसवलं आणि बरोबर चौदाव्या मिनिटाला "काही प्रश्न?" असं विचारलं. मुलांनी पानं भरभरून लिहून घेतलं होतं.

मास्तर पुढे गेले. पिशवीतून फर्मा काढला. अंगठा जागेवर गेला.

"हा एका पेशंटचा डावा पाय," ते म्हणाले. "पेशंट आला की त्याला लगेच काही विचारायचं नाही. आधी जुना बूट बघायचा. मग पाय. मग माणसाला विचारायचं. कारण माणूस म्हणतो, काही दुखत नाही. बूट तसं म्हणत नाही."

एक मुलगी हसली. मास्तर बोलत राहिले. अंगठ्याच्या सांध्यापाशी हाड कसं वाढतं, चामड्याचा तुकडा किती जाड घ्यायचा, कडा तासताना रापी स्वतःकडे का ओढायची नाही. चार मिनिटं झाली. मुलांची पेनं थांबली होती आणि सगळे वर बघत होते. चोवीस चेहरे. मास्तरांना वाटलं, हे असं रोज.

तेवढ्यात मागून मोठ्या मॅडम म्हणाल्या, "फार छान चाललंय, मास्तर. तो फर्मा मुलांच्या हातात द्या ना. फिरू दे सगळ्या बाकांवरून. तुम्ही बोलत राहा."

त्यांनी वावगं काही सांगितलं नव्हतं. कुठल्याही वर्गात असंच करतात. मास्तरांनी फर्मा पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिला आणि परत टेबलापाशी येऊन उभे राहिले.

अंगठा बोटावर घासला. तिथे काही नव्हतं. पुढचं वाक्य कोणतं, ते आठवेना. वाक्य विसरलं होतं असं नाही. ते तिकडे, पहिल्या बाकावर होतं. मास्तरांनी एक हात दुसऱ्या हाताने धरला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना दिसला. कुणीतरी बाक करकरवला. एका परीक्षकाने कागदावर काहीतरी टिपलं.

मुलीने फर्मा उलटा केला आणि ती टाचेखाली बघू लागली. मास्तरांना ते पाहवलं नाही. ते चार पावलं चालून तिच्यापाशी गेले.

"तिथे नाही," ते म्हणाले. "अंगठा इथे ठेवा. लागतं काही?"

"भोकं लागताहेत, सर."

सर म्हटलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. "खिळ्यांची आहेत. इथे एक तुकडा होता. सात महिने. पायावर सूज होती, मग ती उतरली. तुकडा काढून टाकला."

"भोकं बुजवली नाहीत?"

"बुजवतात. लाखेने बुजवतात. इथे नाही बुजवली." गरोदरपणाचे ते सात महिने आणि त्यानंतरचं हॉस्पिटल, रिकाम्या हातांनी घरी येणं, यातलं त्यांनी काही सांगितलं नाही. मुलीने मात्र भोकांवरून बोट अगदी हळू फिरवलं.

फर्मा शेजारच्या मुलाकडे गेला. मास्तरही गेले. त्याला टाचेजवळचा जाड तुकडा दाखवला: पायरीवरून पडून हाड दुखावलं तेव्हाचा. तिसऱ्याला बाहेरची कड. पायाची ठेवण बाहेरच्या अंगाला कललेली होती, म्हणून तिथलं लाकूड आत तासलं होतं. ते चौथ्या बाकाशी उकिडवे बसले, चटईवर बसत तसे, आणि मुलाला स्वतःच्या बुटातून पाय काढायला लावून त्याच्याच टाचेवर बोट ठेवून दाखवलं. आता आवाजाला अडखळ नव्हती. पण तो आवाज स्टुलावर बसलेल्या एका माणसाशी बोलायचा होता. दुसऱ्या रांगेला जेमतेम ऐकू येत होतं, तिसऱ्या-चौथ्याला अजिबात नाही. मागची मुलं आधी माना उंचावून बघत होती, मग आपसांत बोलू लागली.

दुसऱ्या रांगेतल्या तिसऱ्या मुलाच्या हातात फर्मा आला तेव्हा मास्तर वरच्या फुगवट्यावरचे तीन पदर मोजून दाखवत होते. "हे शेवटचे. सूज रोज वाढत होती. एक पदर चढवला, बूट केले. दुसरा चढवला, बूट केले. हा तिसरा. या मापाचेही बूट केले. ते घातले गेले नाहीत."

"का, सर?" मुलाने विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली.

घंटा झाली. "वेळ संपली, मास्तर," मॅडम म्हणाल्या.

"दोन रांगा राहिल्या," मास्तर म्हणाले. खरं तर दोन रांगा आणि तीन मुलं राहिली होती.

निकालासाठी दोघे उमेदवार बाहेरच्या बाकावर बसले. डिप्लोमावाला म्हणाला, "मी आत्तापर्यंत सगळे मिळून वीस फर्मे केलेत. तुमच्यापुढे मी काय शिकवणार?" त्याला खरंच अवघडल्यासारखं झालं होतं. त्याला काहीतरी बरं वाटेल असं म्हणावं, असं मास्तरांच्या मनात आलं. पण ते "हं" म्हणाले, आणि हा "हं" समजून घेणारं तिथे कुणी नव्हतं.

मॅडमनी मास्तरांना आधी बोलावलं. त्या वयाने त्यांच्याएवढ्याच असतील. त्यांनी पाणी पुढे केलं आणि आडवळणं न घेता सांगितलं. "ज्या नऊ मुलांशी तुम्ही बोललात ना, ती हा तास विसरणार नाहीत. पण बाकीच्या पंधरांना काही कळलं नाही. मला रोज चोवीसांना शिकवायचंय. फर्मा हातातून गेला आणि तुम्ही थांबलात, ते मी पाहिलं. माझंच चुकलं असेल, मी मध्ये बोलायला नको होतं."

"नाही," मास्तर म्हणाले. "सोडता आला पाहिजे."

मॅडमनी मास्तरांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "एक विचारू? तो फर्मा शाळेला मिळेल का? असा नमुना आमच्याकडे एकही नाही. एका पायाचा सगळा इतिहास आहे त्यावर. हे पेशंट अजून येतात का?"

"नाही येत."

"फाइल बंद झालीय?"

"दोन वर्षं झाली." मास्तरांनी पिशवीतून फर्मा काढून टेबलावर ठेवला. वर्गातून तो परत आला तेव्हा गरम होता, नऊ हातांमधून फिरून. आता पुन्हा गार झाला होता. ताई सोडली तर दोन वर्षांत आजपर्यंत त्याला त्यांच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. महिन्याने तो घरी जाणार, कपाटावर बसणार, आणि तिथेही त्यांच्याशिवाय कुणी हात लावणार नव्हतं. ते म्हणाले, "ती माझी बायको."

मॅडमचा टेबलावरचा हात मागे गेला. "मला कल्पना नव्हती. मग राहू दे. कृपा करून राहू दे."

"नाही, ठेवा. तिला माणसं लागायची. पोस्टात दिवसाला दोनशे माणसांशी बोलायची ती, तरी पोट भरायचं नाही. माझ्याकडे कुणी येत नाही."

मॅडमनी वही उघडली. नमुना क्रमांक, तारीख, कुणाकडून मिळाला. "जोडीचा उजवा?"

"उजवा साधा आहे. त्यात शिकण्यासारखं काही नाही. तो माझ्याकडे असू दे."

जागा दोनच माणसांनी मागितली होती. एक डिप्लोमावाल्याला मिळाली. दुसरी, नसलेली, कुणी न मागताच बायकोला मिळाली. पायऱ्या उतरताना मास्तरांना हे सुचलं आणि घरी जाऊन हे तिला सांगावं असं, जिना संपेपर्यंत, त्यांना अगदी सहज वाटत राहिलं.

घरी पोचले तेव्हा खिडकीत ऊन होतं. त्यांनी शर्ट काढून खुर्चीच्या पाठीला लावला, पातेल्यात कपभर पाणी घालून गॅस पेटवला आणि ओट्यापाशी उभे राहिले. दोन्ही हात रिकामे होते. ते कुठे ठेवायचे हे न सुचून त्यांनी ते तसेच खाली सोडले.

त्या मुलाचा प्रश्न अजून तसाच होता.

"का, सर," मास्तर म्हणाले. आवाज आला. मग त्यांनी उत्तर दिलं. "कारण त्या आठवड्यात त्या पलंगावरून उठल्या नाहीत. बूट पलंगाखाली ठेवले होते. त्या मला म्हणाल्या, घालून दाखवा, तुमच्या हातात घालून चालवून दाखवा. मी दोन्ही बूट हातात घातले आणि चादरीवरून चालवले. त्या म्हणाल्या, चाल चांगली आहे."

शेजारच्या घरात कुणाचा तरी रेडिओ लागला आणि बंद झाला. मास्तर थांबले नाहीत. दुसऱ्या रांगेतल्या उरलेल्या तिघांना त्यांनी सांगितलं की आजारी पायाचं माप सकाळी वेगळं येतं आणि संध्याकाळी वेगळं, म्हणून दोन्ही वेळा घ्यायचं. तिसऱ्या रांगेला सांगितलं की पेशंट खूप बोलत असेल तर बोलू द्यावं, त्या वेळी पाय सैल पडतो आणि माप बरोबर येतं. चौथ्या रांगेसाठी त्यांनी आवाज मोठा केला. स्वयंपाकघर लहान होतं, एवढा आवाज तिथे नको होता, पण मागच्या मुलांना ऐकू जायला हवं होतं. सात महिन्यांच्या त्या तुकड्याबद्दलही, भोकं का बुजवली नाहीत हेही, त्यांनी शेवटच्या बाकावर पोचल्यावर सांगून टाकलं. "काही प्रश्न?" त्यांनी विचारलं, आणि थोडा वेळ थांबले. वर्गात थांबतात, तेवढा.

पातेल्याचा जळका वास यायला लागला तेव्हा त्यांनी गॅस बंद केला. पाणी केव्हाच आटून गेलं होतं. त्यांनी पातेलं नळाखाली धरलं, ते चुरचुरलं, आणि ते निवल्यावर पुन्हा एक कप पाणी मोजून घातलं.